रोमन अवशेषांचं निसर्गचित्र (तैलरंग) : खांब कापून चिकटवल्यासारखे का दिसतात?

ओला_कॅनव्हास

जाणकारांचा सल्ला हवा आहे. कॅनव्हास ७५ x ६० सेंमी, आडवा. विषय पानिनीच्या (अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार) धर्तीवरचा काप्रिच्चो, म्हणजे खरे अवशेष पण मांडणी मनची. डावीकडे रोमन फोरममधल्या (प्राचीन रोमचा मुख्य चौक) कॅस्टर-पोलक्स मंदिराचे उरलेले तीन कोरिंथियन (पानांच्या नक्षीच्या शीर्षाचे) खांब आणि त्यांच्यावरचा तुळईचा तुकडा. उजवीकडे पडकी कमान, मागे धूसर टेकड्या, पुढे गुराखी आणि दोन-तीन माणसं. खांबांची उंची ३० सेंमी धरली आहे.

साहित्य : जेसो (पांढरं अस्तर) लावलेला सुती कॅनव्हास, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, टेर व्हर्ट (मातकट हिरवा), आयव्हरी ब्लॅक. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन.

अडचणी :
१. खांब आकाशावर कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात.
२. पन्हळी (खांबावरच्या उभ्या खाचा) काढल्या की गोल खांब सपाट होतो, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यासारखा.
३. पडझड खरी वाटत नाही. उंदराने बिस्किट कुरतडावं तशी दिसते.
४. माणसं एक तर राक्षस होतात नाही तर मुंग्या.

संदर्भाला हल्लीचे फोटो आणि पानिनीच्या चित्रांच्या प्रिंट, दोन्ही वापरतो आहे.

पाथरवट

तिसऱ्या अडचणीपासून सुरू करतो, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात. अवशेष काढायचे असतील तर आधी इमारत अख्खी बांधायची आणि मग पाडायची. थेट पडकं काढायला गेलं की हात सवयीने नागमोडी रेघ ओढतो, आणि तीच कुरतडलेल्या बिस्किटाची रेघ.

तुमच्या मापात विन्योला या सोळाव्या शतकातल्या इटालियन वास्तुकाराचं कोरिंथियन प्रमाण असं बसतं. खांबाची उंची खालच्या व्यासाच्या दहापट, म्हणजे ३० सेंमीला व्यास ३ सेंमी. तळखडा अर्धा व्यास : दीड सेंमी. स्तंभशीर्ष एक व्यास अधिक त्याचा सहावा भाग : साडेतीन सेंमी. मधला दांडा उरला २५ सेंमी. हा दांडा वर निमुळता होतो आणि वरचा व्यास खालच्याच्या पाच षष्ठांश, म्हणजे अडीच सेंमी. निमुळतेपणा मात्र तळापासून सुरू करायचा नाही. खालचा एक तृतीयांश जवळजवळ सरळ ठेवायचा, मग अगदी हळू आत घ्यायचं. तळापासून सरळ पट्टीने निमुळता केलात तर खांब कारखान्याच्या धुराड्यासारखा दिसतो. वरची तुळई, मधली नक्षीची पट्टी आणि कॉर्निस (सगळ्यात वरचा पुढे आलेला कंगोरा) मिळून खांबाच्या पाव उंचीची : साडेसात सेंमी.

खांबाचा पाया कॅनव्हासच्या खालच्या कडेपासून १४ सेंमीवर घेतलात तर कॉर्निसचा माथा ५१.५ वर येतो. वर साडेआठ सेंमी आकाश उरतं. पुरे आहे.

हे सगळं कोळशाने अख्खं काढा. पडलेला भागसुद्धा : चौथा खांब, पाचवा खांब, वरची सलग तुळई. मग पाडायला घ्या. पाडताना प्रत्येक ठिकाणी विचारायचं, हा दगड कशाने गेला?

खंडांचा रचलेला खांब सांध्यावर निखळतो. खाली पडलेले तुकडे जात्याच्या तळीसारखे गोल आणि दोन्ही तोंडांनी सपाट असतात. एकसंध दगडाचा खांब, उदाहरणार्थ रोममधल्या पँथिऑन मंदिराच्या ओसरीतले करड्या ग्रॅनाइटचे, मोडला तर तिरका मोडतो. त्यांना पन्हळीही नसतात. तुळईचा दगड दोन आधारांच्या मध्ये तडकतो, म्हणून खांबाच्या डोक्यावर तिचं टोक शिल्लक राहतं आणि मधला भाग जातो. कमानीत वरचा किल्लीचा दगड गेला की शेजारचे पाचरदगड टिकत नाहीत, दोन्ही बाजूंचे बुंधे तेवढे उरतात. त्यामुळे किल्लीचा दगड हवेत आणि बाजूला भगदाड असं काढू नका. आणखी एक : दगड एकमेकांना बांधायला घातलेले लोखंडी आकडे नंतरच्या काळात लोकांनी खणून काढले. त्यामुळे कोलोसियमच्या ट्रॅव्हर्टिनवर (एक चुनखडी दगड) सांध्यांच्या आसपास खळगे दिसतात. ते खळगे सांध्यावर काढा, कुठेही पेरू नका.

विटा आणि काँक्रीटच्या भिंतीचं गणित वेगळं. बाहेरचा संगमरवर काढून नेलेला असतो आणि आतला नारिंगी-तपकिरी गाभा उघडा पडतो. फोरमजवळच्या मॅक्सेंशियसच्या बॅसिलिकाचे (रोमन सभागृह) तीन मोठे कमानदार छताचे कोनाडे असेच आहेत. तिथे कडा मऊ चालतात. संगमरवराच्या कडा मऊ केल्या की तो साबण दिसतो.

रेघ_आणि_रेघोटी

पाथरवटांशी सहमत. पण धागाकर्त्याने एक वाक्य सहज लिहून टाकलंय त्यात मोठा खड्डा आहे : 'हल्लीचे फोटो आणि पानिनी दोन्ही.' या दोघांत जमिनीची पातळीच वेगळी आहे.

पानिनी १७११ मध्ये पिआचेंझाहून रोमला आला आणि १७६५ मध्ये तिथेच गेला. त्याच्या अख्ख्या हयातीत फोरम म्हणजे 'काम्पो व्हाच्चिनो', गुरांचं कुरण. शतकानुशतकांचा गाळ आणि राडारोडा तिथे साचलेला होता. सेप्टिमियस सेव्हेरसची कमान (इ.स. २०३) खालून बरीच गाडलेली. व्हेस्पाशियनच्या मंदिराचे तीन खांब तर स्तंभशीर्षाच्या थोडं खालपर्यंत मातीत. पद्धतशीर उकराउकरी १८०३ च्या सुमारास सुरू झाली. म्हणून हल्लीच्या फोटोत कॅस्टरचे खांब उंच जोत्याच्या गाभ्यावर उभे दिसतात, आणि जुन्या चित्रात तेच खांब जवळपास गवतातून वर आल्यासारखे. फोटोतलं जोतं आणि पानिनीचे गुराखी एकत्र केलेत की चित्राचा पाय कुठे आहे तेच कळत नाही. एक साल ठरवा. गुराखी हवेत तर जोतं गाडा.

दुसरा नेहमीचा घोळ : फोरममध्ये तीन-तीन खांबांचे दोन संच आहेत. कॅस्टरचे तिन्ही एका सरळ रांगेत. व्हेस्पाशियनचे तिन्ही कोपऱ्यावर, काटकोनात. नेटवर दोन्हींचे फोटो एकमेकांच्या नावाने फिरतात. खांब मोजण्याआधी रांग बघा.

आता चौथी अडचण. कॅस्टरचा खांब साधारण पावणेपंधरा मीटर. तुमच्या चित्रात तो ३० सेंमी, म्हणजे खांबाच्या पायाशी १ मीटर = २ सेंमी. तिथे उभा असलेला माणूस साडेतीन सेंमीच्या आत असला पाहिजे. यात घासाघीस नाही.

बघणारा त्याच जमिनीवर उभा असेल तर क्षितिजरेषा खांबाला पायापासून सव्वातीन सेंमीवर कापेल आणि सपाट जमिनीवरच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे त्याच रेषेवर येतील, पाय कुठेही असोत. मग पुढच्या कडेजवळ, म्हणजे खालून ५ सेंमीवर पाय टेकलेला गुराखी तेरा सेंमीचा होतो. हाच तुमचा राक्षस. माप बरोबर आहे, पण अवशेष त्याच्यापुढे बुटके होतात.

उपाय म्हणजे बघणाऱ्याला उंचवट्यावर उभा करा. डोळा जमिनीपासून ३ मीटर धरा. क्षितिज खांबाच्या पायापासून ६ सेंमी वर, म्हणजे कॅनव्हासच्या तळापासून २० सेंमीवर येईल. आता नियम सोपा : माणसाचे पाय ते क्षितिज हे अंतर मोजा, त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त म्हणजे माणूस. पाय ९ सेंमीवर असतील तर अंतर ११, माणूस ६ सेंमी. हे चालतं. कोणतंही डोकं क्षितिजाच्या वर जाऊ देऊ नका. गेलंच तर तो दगडावर चढलेला पाहिजे, आणि तो दगड दिसला पाहिजे.

खोली मोजायला : बघण्याचं अंतर चित्राच्या रुंदीच्या दीडपट घ्या, म्हणजे ११२ सेंमी. मध्यापासून तेवढ्या अंतरावर क्षितिजावर येणारा बिंदू (अंतरबिंदू, याने खोली मोजतात) कॅनव्हासच्या पार बाहेर, बहुधा शेजारच्या खोलीत जातो. म्हणून त्याचा एक तृतीयांश घ्यायचा. मध्यबिंदूपासून क्षितिजावर ३७ सेंमीवर खूण करा, कॅनव्हासच्या कडेला बसते. मात्र खालच्या रेषेवर माप घेतानाही एक तृतीयांशच घ्यायचं. तीन मीटर खोलीचा चौथरा हवा तर एक मीटरची खूण या बिंदूला जोडायची. ही दुसरी अट विसरली की फरशा तिप्पट लांबट होतात.

पन्हळींचं : कोरिंथियन खांबाला २४ पन्हळी. समोरून निम्म्या दिसतात. समान अंतरावर उभ्या रेघा ओढल्यात, म्हणून पायजमा झाला. कागदाच्या पट्टीवर ३ सेंमी व्यासाचं अर्धवर्तुळ काढून बारा समान भाग करा आणि त्या खुणा सरळ खाली सोडा. मध्यापासून दोन्ही बाजूंना मिमीमध्ये : ३.९, ७.५, १०.६, १३, १४.५, १५. कडेची पन्हळ अर्ध्या मिमीची उरते. ती काढायची नाही, नुसती गडद कड द्यायची.

पाथरवट

@रेघ_आणि_रेघोटी, आकडेमोड बरोबर, पण पट्टी अर्ध्या घराने सरकवा. तुमच्या मापात मधोमध दोन पन्हळींमधली कड येते. खांबाच्या तोंडावर मध्यावर पन्हळ यायला हवी. पहिली खूण साडेसात अंशांवर घ्या, मग दर पंधरा अंशांवर. मध्यापासून : २, ५.७, ९.१, ११.९, १३.९, १४.९. वरच्या टोकाला व्यास अडीच असल्याने तीच मापं १.६, ४.८, ७.६, ९.९, ११.५, १२.४. वर-खाली खुणा जोडताना दांड्याचा बाक सांभाळा.

आणि या खुणा म्हणजे पन्हळींमधल्या कडांचे मध्य. कोरिंथियन आणि आयोनिक या खांबांच्या शैलींत दोन पन्हळींच्या मध्ये चपटी पट्टी असते. डोरिक शैलीत ती नसते, धारदार कड असते आणि पन्हळीही साधारण २०. तीन सेंमीच्या खांबावर ती चपटी पट्टी म्हणजे ब्रशची एकच बारीक रेघ.

रेघ_आणि_रेघोटी

मान्य. मध्यावर पन्हळ हवी. वरची पट्टी चुकीची धरा, पाथरवटांची वापरा.

कुंचला_नं_६

वाचनखूण साठवली. पण शंका : इतकं मापून काढलं की चित्र ड्राफ्ट्समनचं होत नाही का?

रेघ_आणि_रेघोटी

होतं, जर मापं शेवटपर्यंत दिसत राहिली तर. पानिनी तरुणपणी पिआचेंझात रंगमंचाच्या आणि छतावरच्या भासचित्रांच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये तयार झाला, पुढे रोमच्या फ्रेंच अकादमीत हाच विषय शिकवला. तरी तोही मोक्याच्या जागी नियम मोडणाऱ्यांच्याच परंपरेतला. चित्राला समांतर खांबांची रांग कडक नियमाने काढली तर कडेचे खांब मधल्यांपेक्षा जाड येतात. गणित बरोबर, डोळा नाकारतो. म्हणून रांगेतले सगळे खांब सारख्या जाडीचे काढायचे. तळखड्याची लंबवर्तुळंही कडेला कलती करायची नाहीत, आडवीच ठेवायची.

लंबवर्तुळावरून आठवलं : क्षितिजाच्या खाली तळखड्याचा वरचा भाग दिसतो, समोरची कड खाली फुगते. क्षितिजाच्या वर उलटं, समोरची कड वर फुगते. जितकं क्षितिजापासून दूर तितकं लंबवर्तुळ जाड. तळखडा आणि स्तंभशीर्ष सारख्याच चपट्या बाकाने काढले तर खांबाची उंची मरते.

जवसतेल

रंगांबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून.

ग्राउंड (चित्राखालचा थर) : पांढऱ्या जेसोवर थेट सुरुवात नको. जेसोचे आणखी दोन पातळ हात, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर. मग रॉ अंबर आणि थोडं यलो ऑकर फक्त टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे, आणि फडक्याने पुसून मध्यम छटेवर आणा. एक (गडद) ते दहा (उजळ) अशा पट्टीवर पाचाच्या आसपास. दुसऱ्या दिवशी कोरडं. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक छटा गडद वाटते, म्हणून माणूस घाबरून सगळं फिकट रंगवतो आणि शेवटी उजेड द्यायला पांढऱ्याच्या वर काही उरत नाही.

रेखांकन : कोळसा झटकून रेघ जेमतेम उरू द्या, मग पातळ अंबरने बारीक ब्रशने पक्की करा. कोळसा तसाच ठेवून वर आकाश लावलंत तर आकाश मळतं, विशेषतः खांबाच्या कडेलाच.

छाया : अंबर-अल्ट्रामरीनच्या पातळ थराने फक्त सावलीचा भाग भरा. उजेडाचा भाग उघडा. इथेच ठरवायचं की उजेड कुठून. तुमची कमान उजवीकडे, खांब डावीकडे. उजेड डावीकडून, ४५ अंशांनी घेतलात तर खांबांची पडछाया मधल्या मोकळ्या जमिनीवर पडेल आणि दोन बाजू बांधल्या जातील.

आता पहिली अडचण, कापून चिकटवल्यासारखं. कारण जवळपास नेहमी एकच : खांब आधी पूर्ण रंगवून आकाश त्याच्या कडेने जपून भरलेलं असतं. कडेशी ब्रश थबकतो, रंगाचा बांध साचतो आणि खांबाभोवती प्रभावळ उमटते. उलटं करा. आकाश आधी, आणि ते खांबाच्या रेघेच्या आत दोन-तीन मिमी येऊ द्या. ओलं असतानाच खांबाची उजेडाकडची कड आकाशात ओढून घ्या, म्हणजे ती थोडी विरघळते. सावलीकडची कड आकाश चिकट झाल्यावर, वरून, स्पष्ट. दोन्ही कडा सारख्या धारदार नकोत. एक हरवलेली, एक सापडलेली.

आकाशाची छटाही बघा. उजेडातला संगमरवर आणि क्षितिजाजवळचं आकाश एकाच उजळपणाचे केलेत तर खांबाला कड द्यायला रेघच ओढावी लागते. खांबाच्या उजेडाकडे आकाश थोडं गडद आणि सावलीकडे थोडं उजळ ठेवा. एक ढग योग्य जागी आणला की हे आपोआप होतं. ढग त्यासाठीच असतात!

संगमरवराचा रंग : टायटॅनियम व्हाइट ४, यलो ऑकर १, रॉ अंबर अर्धा, अल्ट्रामरीन ब्रशच्या टोकाएवढं. हा उजेडाचा. अर्ध्या उजेडाला अंबर दुप्पट. सावलीला अंबर + अल्ट्रामरीन + थोडा ऑकर, पांढरा अगदी कमी. सावलीच्या कडेला जमिनीवरून परतलेला उजेड असतो, त्यात बर्न्ट सिएनाचा ओझरता हात. काळा ट्यूबमध्येच राहू दे. नुसतं पांढरं फक्त दोन-तीन ठिपक्यांना, स्तंभशीर्षाच्या पानांच्या टोकांवर.

खांबाच्या गोलाईत सगळ्यात उजळ पट्टा कडेला नसतो, डाव्या कडेपासून साधारण एक चतुर्थांश आत असतो. सगळ्यात गडद पट्टा उजव्या कडेपासून तितकाच आत, आणि उजवी कड परत किंचित उजळते. हे आधी अख्ख्या दांड्यावर, पन्हळी विसरून. वाळल्यावर पन्हळी.

आणि पन्हळ म्हणजे खळगा, त्यामुळे तिच्यात उजेड उलटा पडतो. उजेड डावीकडून असेल तर प्रत्येक पन्हळीची डावी बाजू सावलीत आणि उजवी उजेडात. बहुतेक जण खांबाची छटाच छोट्या मापात पन्हळीत पुन्हा देतात, मग पन्हळ आत जायच्या ऐवजी बाहेर फुगते आणि खांब उसाच्या बांधलेल्या मोळीसारखा होतो. गडद पट्ट्यात पन्हळी जवळपास दिसू देऊ नका. उजेड-सावलीच्या सीमेवर त्या सगळ्यात स्पष्ट.

ओला_कॅनव्हास

ऊसाची मोळी! अगदी तेच झालंय. डाव्या बाजूला उजेड दिला होता प्रत्येक पन्हळीत.

मागच्या टेकड्या नुसत्या निळ्या केल्या तर पुरे ना?

दोन_तासांचा_उजेड

नाही. निळं करणं हा शेवटचा भाग आहे, आधी छटांचं अंतर कमी करायचं. पुढच्या पट्ट्यात १ ते ९ सगळ्या छटा वापरा, मधल्यात ३ ते ८, टेकड्यांत ५ ते ७. टेकडीत एक जरी गडद ठिपका पडला की ती धावत पुढे येते.

शिवाय उजेडाच्या दिशेला दूरचं निळं होत नाही, उबदार होतं. क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या चित्रकाराची सूर्य समोर घेतलेली बंदरं बघा : सूर्याजवळ लांबची इमारत पिवळट धुरकट, आणि सूर्यापासून बाजूला सरकलं की निळसर. तुमचा उजेड बाजूने आहे, म्हणून डावीकडच्या टेकड्या ऑकर मिसळलेल्या, उजवीकडच्या अल्ट्रामरीन-पांढरा आणि निळं मारायला चिमूटभर बर्न्ट सिएना.

एक मत मात्र नोंदवतो. काप्रिच्चोत रमण्याआधी कोरो या फ्रेंच निसर्गचित्रकाराचा मार्ग बघा. मार्च १८२६ मध्ये त्याने पॅलाटाइन टेकडीवरच्या फार्नेझे बागेतून फोरम आणि कोलोसियम रंगवले, कागदावर तैलरंगात. कागद नंतर कॅनव्हासवर चिकटवला. दिवसाच्या ठराविक वेळी ठराविकच चित्र. त्यात पन्हळी मोजायला जाल तर सापडणार नाहीत. छटांच्या चार-पाच सपाट ठिगळांवर अख्खा फोरम उभा आहे. त्याच्या आधी व्हालाँसिएन या फ्रेंच चित्रकाराने सांगून ठेवलंय की निसर्गातला अभ्यास फार तर दोन तासांचा, सूर्य उगवता-मावळता असेल तर अर्ध्या तासाचा. त्यापुढे उजेड बदलतो आणि चित्रात दोन सूर्य येतात. पानिनीच्या नकला करणाऱ्यांच्या चित्रांत दोन सूर्य हमखास सापडतात, कारण प्रत्येक अवशेष वेगळ्या प्रिंटवरून उचललेला असतो.

पाथरवट

दोन सूर्यांचा मुद्दा शंभर टक्के. पण कोरोचा मार्ग इथे कसा लागू होणार? धागाकर्त्याला मनची मांडणी हवी आहे, फार्नेझे बागेत कोण नेऊन बसवणार? पानिनी पिरॅमिड ऑफ सेस्टियस, ट्रेजनचा स्तंभ आणि फार्नेझे हर्क्युलिसचा पुतळा एकाच चौकात आणतो. प्रत्यक्षात ते एका नजरेत मावत नाहीत. तिथे उजेडाची शिस्त बाहेरून लावावीच लागते.

दोन_तासांचा_उजेड

बागेत जाऊ नका, टेबलावर बसा. मेणबत्तीचे तीन तुकडे आणि वर आडवी पुठ्ठ्याची पट्टी, बाजूला साबणाच्या वडीत कोरलेली कमान. डावीकडून एकच दिवा, ४५ अंशांवर. खोलीतले बाकी दिवे बंद. पडछाया कुठे तुटते, वरच्या पट्टीची सावली दांड्यावर कशी वळून पडते हे दहा मिनिटांत कळतं. ती सावली सरळ आडवी काढतात, तिथेच खांब सपाट होतो. त्या मांडणीवरून २० x १६ सेंमीचा एक छटांचा अभ्यास करा, फक्त अंबर आणि पांढऱ्यात, तासाभरात. मग मोठ्या कॅनव्हासला हात लावा.

जवसतेल

हे उत्तम. साबणाची वडी वापरणाऱ्यांनी पांढरी घ्यावी, हिरवी हमाम नको. :)

हिरवी_चाफेकळी

झाडांबद्दल कोणीतरी सांगा. पडक्या भिंतीवर पिंपळ-वडाच्या मुळ्या काढल्या की लगेच आपल्याकडचं देऊळ वाटतं.

पाथरवट

कारण पिंपळ तिकडे उगवत नाही. तिकडे भिंतीतून येतं ते अंजीर, आयव्ही आणि केपर. केपरची झुडपं सांध्यातून निघून खाली लोंबतात, पानं गोलसर. मागे छत्रीसारखा पाइन आणि सायप्रस. छत्री-पाइनचा बुंधा उघडा आणि पसारा सगळा माथ्यावर, खालून सपाट कापल्यासारखा. रिचर्ड डीकिन या डॉक्टरने १८५५ मध्ये एकट्या कोलोसियमवर ४२० जातींच्या वनस्पती नोंदल्या होत्या. १८७० नंतर साफसफाई झाली, म्हणून हल्लीच्या फोटोत भिंती तासलेल्या दिसतात. जुन्या काळाचं चित्र असेल तर हिरवळ फोटोपेक्षा बरीच जास्त हवी.

झाड तिथेच जिथे माती साचेल : आडव्या कंगोऱ्यांवर, मोडक्या कमानीच्या माथ्यावर, कॉर्निसवर. उभ्या गुळगुळीत दांड्यावर काही उगवत नाही. टेर व्हर्ट नुसता वापरला तर प्लास्टिकचं तोरण दिसतं. त्यात ऑकर घाला, सावलीत अंबर. आणि कॉर्निसवर सलग झालर लावू नका. दोन ठिकाणी दाट, मध्ये उघडा दगड.

गोंयकार_रेघ

हीच पद्धत जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याला चालेल का? तोही अवशेषच, आणि बांधणाऱ्यांचा अभ्यास याच शास्त्राचा.

पाथरवट

बांधून पाडायची पद्धत तीच, दगड वेगळा. तो जांभा. संगमरवरासारखा कोनात तडकत नाही, झिजतो, भोकं पडतात, कडा गोल होतात. वरचा चुन्याचा गिलावा पडला की आतला गंजलेला तांबडा दिसतो : बर्न्ट सिएना, ऑकर आणि सावलीला अल्ट्रामरीन. पावसाचे काळे ओघळ उभे येतात, ट्रॅव्हर्टिनची छिद्रं मात्र आडव्या थरांत असतात. आणि तिथे मोकळे उभे खांब नाहीत, भिंतीत बसवलेले आहेत, त्यामुळे पन्हळींची वरची सगळी डोकेदुखी वाचते. स्वतंत्र धागा काढा, तिथे बोलू.

कुंचला_नं_६

स्तंभशीर्षाची पानं कोणी सांगितली नाहीत. माझ्याकडे त्यांचा फ्लॉवर होतो.

रेघ_आणि_रेघोटी

पानांनी सुरुवात करता म्हणून. आधी उलटी घंटा काढा, खाली दांड्याएवढी, वर पसरट. तिच्या डोक्यावर चौरस फळी, जिच्या चारही बाजू आत वळलेल्या. कोपरे बाहेर येतात, तीच या शीर्षाची ओळख. साडेतीन सेंमीचे आडवे तीन भाग करा. खालच्या ओळीत आठ पानं, वरच्या ओळीत आठ, वरची खालच्यांच्या फटींत. समोरून प्रत्येक ओळीत तीन पूर्ण आणि कडेला दोन अर्धी दिसतात, किंवा चार. तिसऱ्या भागात कोपऱ्यांकडे जाणाऱ्या वेलांट्या.

रंगवताना पान काढायचं नाही, पानाची खालची सावली काढायची. प्रत्येक पानाचं टोक बाहेर वळून खाली झुकतं, त्याच्याखाली एक गडद चंद्रकोर. तेवढ्या आठ-नऊ कोरी आणि वर उजेडाचे ठिपके, इतक्यात साडेतीन सेंमीचं शीर्ष उभं राहतं. तीनपैकी एका शीर्षाचा एक कोपरा तोडा. पातळ कोपरेच आधी जातात.

ओला_कॅनव्हास

सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न. छायेचा थर वाळल्यावर काही ठिकाणी मॅट, निस्तेज डाग पडलेत, विशेषतः अंबरमध्ये. वर वार्निश मारू का? आणि तुळईवर लॅटिन अक्षरं हवी आहेत, काय लिहू?

जवसतेल

वार्निश नको. अंबर तेल पितं आणि खालचा जेसोही ओढून घेतो. वाळलेल्या थरावर जवसाचं तेल निम्म्या टर्पेंटाइनमध्ये, फडक्याने अगदी पातळ चोळा आणि लगेच जवळपास सगळं पुसून काढा. छटा परत दिसते, त्यावर त्याच दिवशी काम करा. तेल साचू दिलं तर तिथे पिवळं पडतं.

पुढच्या थरांत तेल वाढत गेलं पाहिजे, कमी नाही. पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनवर, दुसरा ट्यूबमधला तसाच, शेवटचे हात चार भाग रंगाला जेमतेम अर्धा भाग तेल. उलट केलंत, म्हणजे तेलकटावर पातळ, तर वरचा थर आधी वाळून तडकतो. अंबर एक-दोन दिवसांत वाळतं. टायटॅनियम भरपूर असलेलं आकाश आठवडाभर घेतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. बोटाला कोरडं लागलं म्हणून पुढे जाऊ नका, नख टेकवून बघा. झिंक व्हाइट खालच्या थरात टाळा, ठिसूळ होतो. वार्निश सहा महिने ते वर्षभराने. पावसाळ्यात सुती कॅनव्हास ढिला पडतो तेव्हा मागच्या पाचरी ठोकू नका. हवा कोरडी झाली की तो परत ताणला जातो आणि रंग चिरतो.

रेघ_आणि_रेघोटी

अक्षरं : कॅस्टरच्या तुकड्यावर काही लिहू नका, तीन खांबांवर मावेल असा मजकूर तिथे नाही. अक्षरं हवीतच तर व्हेस्पाशियनच्या तीन खांबांवर आहेत : ई, एस, टी, आय, टी, व्ही, ई, आर. 'जीर्णोद्धार केला' या अर्थाच्या क्रियापदाचा तुटका तुकडा, पहिलं अक्षर आणि शेवट दगडाबरोबर गेलेत. पण मग खांब काटकोनात उभे करावे लागतील आणि मातीत गाडावे लागतील. लॅटिन कोरीव लेखात यू नसतो, व्हीच असतो. तुळईच्या साडेसात सेंमीत अक्षरांची पट्टी जेमतेम दोन सेंमीची, म्हणून अक्षर रंगवू नका. डावीकडून उजेड आहे, तर खोदलेल्या उभ्या रेघेची डावी कड गडद आणि उजवी कड उजळ. पन्हळीचाच नियम.